लायसन्स नंबर १ जेआरडींचं, मग नागपूरच्या रात्रीच्या विमानांना विरोधही त्यांचाच कसा?

३० जानेवारी १९४९. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर त्या रात्री एक नवीनच खेळ सुरू झाला.

मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांतून रात्री चार विमानं निघायची. मध्यरात्र उलटली की चारही नागपुरात उतरायची. प्रत्येकानं आपल्याकडची टपालाची पोती इतर तिघांना द्यायची, त्यांची आपण घ्यायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरात परतायचं. विमान बदलणारे प्रवासीही अर्धवट झोपेत इथेच उतरायचे. मुंबईत आज टाकलेलं पत्र उद्या कलकत्त्यात, तेही १९४९ साली.

नागपूरच का? नकाशा उघडून बघा, उत्तर मिळेल. झिरो माइलचा दगड उगाच नागपुरात नाही. डाकोटा विमान ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उडायचं. त्या हिशोबानं चारही महानगरं इथून साधारण अडीच ते साडेतीन तासांवर.

योजना दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांची. लोकांना आवडली, टपाल खात्याला आवडली. पण देशातला एक माणूस तिच्याविरुद्ध जाहीरपणे उभा राहिला. तो विमानाला घाबरणारा कुणी कारकून नव्हता. भारतात दिलं गेलेलं पहिलं पायलट लायसन्स त्याच्या खिशात होतं. जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजे आपले जेआरडी.

ज्यानं देशाला उडायला शिकवलं असं आपण म्हणतो, तोच माणूस उडू नका का म्हणत होता? हे समजून घ्यायचं तर आधी ते लायसन्स नेमकं काय होतं ते बघावं लागेल.

पॅरिसचा मुलगा, जुहूचं मैदान

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभॉय टाटा, आई सुझान ब्रिएर फ्रेंच. उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्देलो नावाच्या गावी राहायचं. तिथे शेजार कोणाचा, तर लुई ब्लेरिओचा. १९०९ मध्ये विमानानं इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस. त्याची विमानं त्या वाळूवर उतरायची आणि लहानगा जेआरडी ती बघत बसायचा. पंधराव्या वर्षी त्याच किनाऱ्यावर त्यानं पैसे भरून विमानातून पहिली चक्कर मारली आणि पायलट व्हायचं ठरवून टाकलं.

पण ठरवून काय होतं? पुढची नऊ-दहा वर्षं काहीच घडलं नाही. मधे फ्रेंच सैन्यातली सक्तीची नोकरी झाली. १९२६ मध्ये वडील गेले आणि बाविशीतच मुंबईत टाटांच्या कामात बसावं लागलं. भारतात तेव्हा सामान्य माणसाला विमान शिकायची सोयच नव्हती.

मग जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. आजचं जुहू डोळ्यांसमोर आणू नका. समुद्रालगतचा सपाट, चिखलाचा पट्टा. पावसाळ्यात तिथे पाणीच पाणी. बातमी कळताच जेआरडी जाऊन धडकले.

शिकवणी दोन आसनांच्या मॉथ विमानात व्हायची. वर छप्पर नाही. पुढे शिक्षक, मागे विद्यार्थी, आणि बोलायला मधे एक नळी. जेआरडींचे शिक्षकाबरोबरचे चार तासही पुरे झाले नव्हते, तोवर ते एकटे विमान घेऊन वर गेले. आज चार तासांत स्कूटरसुद्धा नीट येत नाही.

१० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांच्या हातात लायसन्स पडलं. एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा या संस्थेनं दिलेलं. त्यावर नंबर होता १.

इथे एक दुरुस्ती करायला हवी, कारण सोशल मीडियावर दर जुलैमध्ये हे चुकीचं फिरतं. जेआरडी हे पहिले भारतीय पायलट नव्हेत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून भारतीय तरुण लढले होते. त्यात आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर होते, जे १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मारले गेले. बंगालचे इंद्रलाल रॉय होते. ते सगळे इंग्लंडमध्ये शिकले. जेआरडींचं वेगळेपण असं की ते भारतात शिकले आणि भारतात मिळालेलं पहिलं लायसन्स त्यांचं.

त्या कागदावर काय होतं आणि काय नव्हतं

त्या काळी आंतरराष्ट्रीय नियमांत पायलटच्या मुख्य दोन पायऱ्या होत्या. पहिली 'ए', म्हणजे हौशी किंवा खासगी. दुसरी 'बी', म्हणजे पैसे घेऊन माणसं किंवा माल नेणाऱ्या व्यावसायिक पायलटची.

'ए'ची परीक्षा आज वाचली तर सर्कशीतली कसरत वाटते. जमिनीवर पाचशे मीटर अंतरावर दोन खांब. त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे पाच फेरे मारायचे आणि आधी ठरवलेल्या जागेपासून पन्नास मीटरच्या आत विमान थांबवायचं. दुसऱ्या चाचणीत बरंच वर जाऊन इंजिन बंद करायचं, तरंगत खाली यायचं आणि पुन्हा इंजिन न लावता ठरलेल्या खुणेजवळ उतरायचं. शिवाय हवेतले वाहतुकीचे नियम, दिव्यांच्या आणि खुणांच्या भाषेची तोंडओळख, डॉक्टरची तपासणी. झालं.

ती इंजिन बंद करायची चाचणी विनाकारण नव्हती. तेव्हाची इंजिनं हवेत खरोखरच बंद पडायची.

'बी'साठी मात्र लांबचा प्रवास करून दाखवावा लागे, इंजिनाची आणि हवामानाची माहिती द्यावी लागे. आणि आणखी एक गोष्ट होती, जी आपल्या गोष्टीत महत्त्वाची आहे. निदान अर्धा तास रात्री उडून दाखवावं लागे.

पहिल्या पायरीच्या परीक्षेत रात्र नव्हतीच. ढगात शिरल्यावर काय करायचं हेही नव्हतं. दिवसा, स्वच्छ हवेत, जमीन दिसत असताना विमान सांभाळता येतं एवढंच तो कागद सांगत होता. लायसन्स नंबर १ ही शिडीची सगळ्यात खालची पायरी होती, आणि जेआरडींना हे इतर कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं.

आजच्या शिडीशी तुलना करा. भारतात खासगी लायसन्ससाठी किमान ४० तास उडावं लागतं, व्यावसायिक लायसन्ससाठी २०० तास, आणि एअरलाइनच्या विमानाचा कॅप्टन व्हायला जे सर्वात वरचं लायसन्स लागतं त्यासाठी १५०० तास. व्यावसायिक लायसन्सच्या त्या २०० तासांत रात्रीचे वेगळे ५ तास आणि रात्रीची १० उड्डाणं, १० लँडिंग मोजून करावी लागतात. जेआरडींच्या वेळचा अर्धा तास आज पाच तासांवर गेलाय तो उगाच नाही.

आगाखानांचं बक्षीस आणि खिशातले प्लग

लायसन्स मिळून वर्ष होत नाही तोच आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, ठरलेल्या मुदतीत, एकट्यानं उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी.

तिघे उतरले. रावळपिंडीकडचे मनमोहन सिंग, अवघ्या १७ वर्षांचा अस्पी इंजिनिअर आणि २५ वर्षांचे जेआरडी. मनमोहन सिंग आणि अस्पी इंग्लंडहून भारताकडे निघाले. जेआरडी ३ मे १९३० ला कराचीहून उलट्या दिशेनं.

रेडिओ नाही. हातात नकाशा, समोर कंपास, खाली वाळवंट. इजिप्तमध्ये अबुकीरला जेआरडी उतरले तर तिथे अस्पी अडकून पडलेला. त्याच्या इंजिनाचे स्पार्क प्लग गेले होते आणि जवळ जादा नव्हते.

जेआरडींकडे जादा प्लग होते. प्रतिस्पर्धी समोर अडकलाय, आपण गप्प बसून पुढे निघालो तर शर्यत आपली. जेआरडींनी प्लग काढून त्याला दिले.

११ मे १९३० ला अस्पी कराचीला पोहोचला. जेआरडींचं थोडक्यात हुकलं. मनमोहन सिंग मजल मारून आले खरे, पण मुदत उलटून गेली होती. बक्षीस अस्पीला. हाच अस्पी इंजिनिअर पुढे हवाई दलात गेला आणि १९६० मध्ये भारताचा हवाई दल प्रमुख झाला.

ही गोष्ट आपण खिलाडूवृत्तीची म्हणून शेअर करतो. ती आहेच. पण तिच्यात दुसरीही एक गोष्ट आहे, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. जेआरडींकडे जादा प्लग होते. वाटेत काय काय बिघडू शकतं याचा विचार करून निघालेला माणूस होता तो. अस्पी निघाला होता बेधडक. त्या दिवशी बेधडक माणूस जिंकला, सावध माणसाच्या प्लगवर.

बेल्लारीचा मुक्काम

१५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ नावाच्या छोट्या विमानात टपाल घेऊन निघाले. अहमदाबादला इंधन भरलं आणि दुपारी जुहूला उतरले. तिथून टपाल पुढे नेलं नेव्हिल विन्सेंट यांनी. ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेले हे विन्सेंट खरं तर या विमानसेवेची कल्पना घेऊन टाटांकडे आले होते. दोराबजी टाटांनी दोन लाख रुपये घालायला होकार दिला आणि एअर इंडियाचं मूळ रुजलं.

आता बारकाईनं बघा. विन्सेंट मुंबईहून निघाले ते थेट मद्रासला गेले नाहीत. रात्री बेल्लारीला मुक्काम केला आणि सकाळी पुढे गेले. कारण अंधारात उडायचं नाही. खाली दिवे नाहीत, रेडिओ नाही, चुकलो तर सांगणारं कुणी नाही. पावसाळ्यात जुहू पाण्याखाली गेलं की सगळा कारभार पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलायचा. पहिल्या वर्षात या विमानांनी एक लाख साठ हजार मैल कापले. प्रवासी किती? १५५. पण टपाल वेळेवर पोहोचायचं, आणि या नव्या कंपनीची सगळी इभ्रत त्या वेळेवर पोहोचण्यातच होती.

विन्सेंट १९४२ मध्ये गेले. युद्धाच्या काळात इंग्लंडहून भारताकडे येताना त्यांचं विमान बेपत्ता झालं. जेआरडींच्या वर्तुळातली ही अशी माणसं आणि त्यांचं हे असं जाणं मधे मधे येतच राहतं.

स्वतः जेआरडी १९३८ मध्ये, ३४ व्या वर्षी, टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघालं, तेव्हा भारताची आंतरराष्ट्रीय सेवा सुरू झाली.

पुन्हा नागपूर

आणि मग १९४९.

युद्ध संपलं तेव्हा अमेरिकन सैन्य आपली डाकोटा विमानं इथेच टाकून गेलं होतं. ती स्वस्तात विकली गेली. ज्यानं त्यानं विमान कंपनी काढली आणि सरकारनं कंपन्यांना परवाने वाटले. जेआरडींचं म्हणणं होतं की इतक्या कंपन्यांना पुरेल एवढे प्रवासी देशात नाहीत, सगळ्याच बुडतील. त्यात रात्रीच्या टपालाची योजना आली.

त्यांचा मुद्दा रात्री उडूच नये असा नव्हता. विमानतळांवर रात्री उतरण्याची पुरेशी सोय करा, वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा उभी करा, मग रात्री उडा. आधी घाई आणि मग सोय, हा क्रम त्यांना मान्य नव्हता. जिथे आपला सगळ्यात अनुभवी माणूस अंधार पडला म्हणून बेल्लारीला थांबायचा, त्या देशात आता रोज रात्री चार विमानं देशाच्या मध्यावर आणून परत पाठवायची होती.

किडवईंची बाजूही कच्ची नव्हती. स्वातंत्र्य मिळून दीड वर्ष झालेलं. विमानं पडून आहेत, युद्धात उडालेले पायलट मोकळे आहेत, आणि पत्राला मुंबई ते कलकत्ता दिवस लागताहेत. सगळी सोय होईपर्यंत थांबायचं तर थांबायचं किती? शिवाय टाटांचा विरोध धंद्यासाठी आहे असा संशय घ्यायला जागा होतीच, कारण नव्या कंपन्या आल्या तर तोटा जुन्या कंपनीचा. दोघांचा वाद पेपरांत गाजला.

काम टाटांच्या कंपनीकडे गेलं नाही. सुरुवात दुसऱ्या एका कंपनीनं केली, पुढे ही सेवा हिमालयन एव्हिएशनकडे आली. १ एप्रिल १९४९ पासून देशातली साधी पत्रंसुद्धा जादा पैसे न घेता विमानानं जाऊ लागली. नागपूरच्या मध्यरात्रीला भाव आला.

मग बरोबर कोण होतं? नागपूरची रात्रीची टपालसेवा पुढे वीस वर्षांहून जास्त चालली. म्हणजे किडवई जिंकले असं म्हणायला हरकत नाही. पण १२ डिसेंबर १९५३ ची रात्रही याच गोष्टीत आहे. त्या रात्री नागपूरहून उडालेलं टपाल सेवेचं डाकोटा लगेच कोसळलं. विमानातले जवळपास सगळे गेले. त्यात कामगार नेते आणि खासदार हरिहरनाथ शास्त्रीही होते. एका अपघातावरून एवढा मोठा वाद निकालात निघत नाही, आणि तो तसा काढूही नये. रात्री उडणं शक्य होतं हे किडवईंनी दाखवलं. त्याची किंमत काय आणि ती कोण देतं, हे जेआरडी आधीपासून विचारत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

कंपन्यांबद्दल मात्र जेआरडींचा अंदाज खरा ठरला. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, कंपन्या तोट्यात रुतल्या आणि १ ऑगस्ट १९५३ ला सरकारनं सगळ्याच विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. त्यात जेआरडींची एअर इंडियाही गेली. राष्ट्रीयीकरणाला त्यांचा विरोध होता, तरी नेहरूंच्या सरकारनं एअर इंडिया इंटरनॅशनलचं अध्यक्षपद त्यांनाच दिलं. पुढची पंचवीस वर्षं त्यांनी ते सांभाळलं.

नव्या वर्षाची पहिली रात्र

१ जानेवारी १९७८. रात्रीचे पावणेनऊ वाजत आले होते. एअर इंडियाचं बोइंग ७४७ 'एम्परर अशोक' मुंबईहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली.

चौकशीत जे निघालं ते असं. विमान कुठल्या बाजूला किती कललंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं यंत्र बिघडलं. विमान एका बाजूला कललंय असं त्यांना वाटलं आणि सावरायला म्हणून त्यांनी ते दुसऱ्या बाजूला वळवत नेलं. दिवस असता तर खिडकीतून समोर क्षितिज दिसलं असतं. तिथे खाली काळा समुद्र आणि वर काळं आभाळ होतं. कॅप्टन नवखे नव्हते, शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवरचे अनुभवी पायलट होते.

रात्र काय करते हे दिव्यांनी आणि यंत्रांनी भरलेल्या जंबो विमानातही असं समोर आलं. तेव्हा एअर इंडियाचे अध्यक्ष जेआरडीच होते.

महिनाभरात मोरारजी देसाईंच्या सरकारनं त्यांना पदावरून दूर केलं. अपघातामुळेच काढलं असं म्हणता येत नाही. पण ज्या पद्धतीनं काढलं ती बरी नव्हती. त्यांच्या जागी नेमलेले माजी हवाई दल प्रमुख पी. सी. लाल यांच्याकडून जेआरडींना ही गोष्ट कळली. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेतलं, अध्यक्षपद मात्र परत आलं नाही.

७८ व्या वर्षी, एकटे

१९३२ च्या पहिल्या टपाल उड्डाणाला १९८२ मध्ये पन्नास वर्षं झाली. जेआरडींनी ठरवलं की तोच प्रवास पुन्हा करायचा. वय ७८. तीस वर्षं झाली तेव्हा, १९६२ मध्येही त्यांनी तो केला होता. घरच्यांना आणि ऑफिसातल्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करा.

१५ ऑक्टोबर १९८२ ला ते कराचीहून लेपर्ड मॉथमध्ये एकटे निघाले. जुनं, एका इंजिनाचं, पंख्याचं विमान. वाटेत अहमदाबादला थांबले. पुढे जुहूच्या धावपट्टीवर माणसं वाट बघत होती.

सगळा प्रवास उजेडात बेतलेला होता. जेआरडी त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत जुहूला उतरले.